ठोकलेली चासी: ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी वाचा

स्वतः बांधलेली गाडी ठोकली की जवळपास सगळे एकच करतात, वाकलेला पाइप बघतात, हा कापायचा, नवीन लावायचा, झालं काम, असा हिशेब मनात मांडतात आणि ग्राइंडर शोधायला लागतात. मी असल्या गाड्या बांधतो आणि दुसऱ्यांच्या ठोकलेल्याही दुरुस्त करतो, म्हणून सांगतो, ग्राइंडर थोडे दिवस कपाटातच राहू द्या. डोळ्याला दिसतोय तो वाकडा पाइप म्हणजे या कामातला सगळ्यात सोपा भाग. धक्का चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, कुठून शिरला आणि कुठपर्यंत गेला हे शोधणं खरं काम आहे, आणि ते टेप, दोरी आणि ओळंब्याने होतं, वेल्डिंग मशीनने नाही.

मी बोलतोय ते मुख्यतः लोटस सेव्हनच्या जातीच्या गाड्यांबद्दल. कॉलिन चॅपमनने ती १९५७ मध्ये आणली, पातळ पाइप त्रिकोणात्रिकोणांत जोडून केलेली हलकी स्पेसफ्रेम, आणि घरी गाडी बांधणारे कितीतरी लोक आजही त्याच धर्तीवर २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीच्या पाइपात चासी करतात. तुमची शिडीसारखी जाड चासी असेल तर वेल्डिंगचं थोडं वेगळं, पण मोजमापाचं सगळं तेच.

कंपनीच्या गाडीला बॉडीशॉपमध्ये मापांचा तक्ता मिळतो, कुठल्या भोकापासून कुठल्या भोकापर्यंत किती अंतर वगैरे. आपल्या गाडीला तो नसतो. ड्रॉइंग असतं, पण ड्रॉइंग म्हणजे जे व्हायला हवं होतं ते, जे झालं ते नाही. घरी बांधलेली चासी जन्मापासूनच दोनतीन मिमी इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे ठोकल्यावर डावी-उजवी बाजू मोजून फरक आला तर तो ठोकरीचा की जन्माचा हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून ज्यांची गाडी अजून बांधून व्हायची आहे त्यांनी चासी रंगाला जायच्या आधी सगळ्या विशबोन (चाक चासीला धरणारे सस्पेन्शनचे दांडे) ब्रॅकेटमधली अंतरं, कर्ण, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) दोन्ही बाजूंचा, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा, तासाभराचं काम आहे आणि नंतर सोन्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी निदान रंगाच्या आणि रिव्हेटच्या खुणांवर भर द्यावा, ते खाली सांगतोच.

गाडी आणल्या आणल्या धुऊ नका. बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, आणि मग टॉर्च घेऊन निवांत फिरा. सांध्याजवळ रंगाला केसासारखी बारीक भेग, पावडर कोटिंगचा उडालेला कपचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आलेली तिरकी सुरकुती, रिव्हेटचं भोक लांबट झालेलं किंवा रिव्हेटभोवती काळी भुकटी, या सगळ्या जागा चासी हलल्याच्या साक्षी आहेत. पत्र्याची सुरकुती तर खूप बोलते, ती ज्या दिशेला तिरकी तिथली चौकट त्या दिशेला ताणली गेलीय आणि सुरकुतीला आडव्या दिशेने दाबली गेलीय असं समजा. सगळ्याचे फोटो काढा, पत्रे काढल्यावर ही माहिती परत मिळत नाही.

मग गाडी उघडी करायची. पूर्ण. पुढचा एक कोपरा ठोकलाय तर मागचं कशाला खोला असं वाटतं, पण इंजिन, गिअरबॉक्स आत असताना त्यांचं वजन चासीवर असतं आणि माउंटमधून ते चासीला तिरकं धरूनही ठेवू शकतं, मोजमाप खोटं येतं.

आता मोजणी. जमीन सपाट असेलच असं नाही, म्हणून चासी स्टँडवर घेऊन जो भाग नक्की शाबूत आहे, बहुतेक वेळा सीटखालची चौकट, तिथे पाणसळ लावून तो लेव्हल करा आणि त्यालाच आधार माना. पाणसळ पुढे नेऊन आडवी ठेवा, मागे नेऊन ठेवा, बुडबुडा वेगवेगळ्या जागी थांबला तर चासीला पीळ बसलाय. मग प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा, चासी बाजूला घ्या आणि जमिनीवरच मोजा. हे जुनं तंत्र आहे पण यात इंजिन बे मधून टेप वाकडा जात नाही. कर्ण दोन्ही मोजायचे. ६०० मिमी रुंद आणि १००० मिमी लांब चौकटीचं पुढचं टोक ५ मिमी बाजूला सरकलं तर दोन कर्णांमध्ये साधारण ५ मिमीचाच फरक पडतो, म्हणजे टेपवर सहज दिसेल एवढा, आणि नुसत्या डोळ्याला मात्र ती चौकट चांगली काटकोनातच वाटते. गुण्या लावूनही लहान गुण्याला हा फरक कळत नाही.

मग एकेक पाइप. प्रत्येकाला सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावायची, लांबचेसुद्धा सोडायचे नाहीत, उलट लांबचेच आधी. याचं कारण समजून घ्या कारण नवीन माणूस इथेच फसतो. ठोकर पुढून बसली की पुढच्या खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमधून ती मागे ढकलते, काही पाइप ताणले जातात, काही दाबले जातात, आणि दाबला जाणारा पाइप तुटत नाही, तो बाजूला फुगतो, लाकडी पट्टी दोन टोकांनी दाबली की होते तसा. किती जोराला तो फुगेल हे लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे जाडी आणि टोकाचे जोड सारखे धरले तर दुप्पट लांब पाइप चौथाई जोराला वाकतो. म्हणून मार बसला पुढच्या डाव्या कोपऱ्यावर आणि वाकला पाय ठेवायच्या जागेजवळचा लांब तिरका पाइप, असं अगदी नेहमी होतं, आणि तो बोनेटखाली पत्र्याच्या मागे असल्यामुळे कोणी बघत नाही. एकदा फुगलेला दाबाचा पाइप पुढच्या वेळी आधीपेक्षा कितीतरी कमी जोराला जातो, त्यामुळे "दोनतीन मिमी तर आहे, चालतंय की" हे इथे चालत नाही.

सरळ करायचा की बदलायचा? माझं मत सांगतो. पाइपला चुणी पडली असेल, पोचा असेल, कोपरा चेपला असेल तर बदलायचा, चर्चा नाही. नुसता हलका बाक असेल तरी मी बदलतोच कारण पाइपचा तुकडा हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. गॅस टॉर्चने लाल करून हातोड्याने सरळ करणं हे जड ट्रकच्या कामात पाहिलं असेल तर इथे विसरा, पातळ भिंतीच्या पाइपात ते कसं झालंय हे तपासता येत नाही, आणि चासी क्रोमोलीची, म्हणजे ४१३० ची असेल तर तापवून सोडून दिल्यावर तिथल्या धातूचे गुणच बदलतात.

खेचावं मात्र लागतं. अख्खी चौकट सरकली असेल तर पाइप बदलायच्या आधी ती जागेवर आणायची, गार असतानाच, चेन पुलीने किंवा हायड्रॉलिक रॅमने. लोखंड थोडं परत येतं, म्हणून हवंय त्यापेक्षा जरा पुढे न्यायचं, सोडायचं, मोजायचं, परत. घाई केली की दुसरीकडचा चांगला सांधा फाटतो. आणि ताणलेल्या चेनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, चेनवर जाड गोधडी किंवा जाड चटई टाकून ठेवायची, सुटली तर ती गोळीसारखी येते.

कापायच्या आधी जे बिंदू बरोबर आहेत त्यांना तात्पुरते अँगल टॅक (वेल्डचा लहानसा ठिपका) मारून एकमेकांना बांधून टाका. ब्रॅकेट बदलताय तर दोन्ही कानांमधून एकच सरळ रॉड आरपार घाला आणि तसाच टॅक मारा, नाहीतर नंतर विशबोनचा बुश (सांध्यातली नळी) तिरका बसतो आणि महिनाभरात झिजतो. एका वेळी एकच पाइप कापायचा. शक्य तिथे पाइप सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण बदला, मध्ये जोड देऊ नका. द्यावाच लागला तर आत स्लीव्ह (बारीक पाइपचा तुकडा) घालून, काप तिरका घेऊन, वरून भोकं पाडून ती वेल्डने भरायची, म्हणजे प्लग वेल्ड. पण २५ च्या १.६ पाइपात आत २१.८ मिमी मिळतात, २० चा पाइप त्यात खडखडतो, आणि ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेल्या) पाइपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो तो घट्ट स्लीव्हला आडवा येतो, कानस घेऊन बसावं लागतं, म्हणून म्हटलं पूर्ण बदला.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात, कारण त्यावर शिकवणारे पुष्कळ आहेत. रंग, पावडर, गंज, सगळं चकचकीत होईपर्यंत काढा, जस्ताचा मुलामा असेल तर तोही, त्याचा धूर तापासारखं आजारी पाडतो. सांधा पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका, आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, ही गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला दोनदा सांगतो. मिग (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग मशीन) असेल तर ०.८ मिमीची तार आणि आर्गॉन-सीओटू मिश्रण या जाडीला छान चालतं. सगळीकडे आधी टॅक, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं, प्रत्येक वेळी थंड होऊ द्यायचं आणि कर्ण परत मोजायचे, वेल्ड आकसतो आणि एका बाजूने सलग मारला की त्याच बाजूला चासी ओढून नेतो. हात बसलेला नसेल तर त्याच जाडीचे भंगार तुकडे जोडा, करवतीने मधून कापा, शिकंजात धरून वाकवा, वेल्ड सोलून निघाला तर अजून वेळ आहे. आणि अगदी खरं सांगायचं तर स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि बेल्टच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग चांगल्या वेल्डरकडून करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही, कापणी, जुळवणी, टॅक तुम्ही केलीत तरी गाडी तुमचीच.

ज्या जुन्या सांध्यांना आपण हात लावला नाही त्यांना डाय पेनिट्रंट (बारीक भेगा दाखवणारा रंग) मारा. तीन डबे असतात, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. डाय डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ मुरू द्या, कापडाने पुसा, क्लीनर थेट भेगेवर फवारू नका नाहीतर आतला डायच धुऊन जातो, मग डेव्हलपर, आणि भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ठोकलेल्या कोपऱ्याच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्यातले सांधेही बघा, पीळ बसलेला असेल तर तिथेही मिळतं.

चासीच्या नादात बाकीचं विसरतं. त्या कोपऱ्याचे सगळे बोल्ट नवीन, रॉड एंड (दांड्याच्या टोकाचे फिरते सांधे) नवीन, विशबोन सपाट टेबलावर ठेवून तपासा, अपराइट (हब धरणारा उभा भाग) आणि हब डायल गेज लावून फिरवून बघा, स्टिअरिंग रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा, मध्ये कुठे जड लागला तर आतला बार वाकलाय. ज्या सीटबेल्टने माणसाला धरलं तो बेल्ट काढून टाका, दिसायला चांगला असला तरी.

आणि एक अप्रिय प्रश्न. फायरवॉलची (इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या भिंतीची) चौकट आणि दोन सीटमधला टनेल दोन्ही हलले असतील, किंवा पीळ खेचून निघत नसेल, तर नवीन चासी बांधणं कमी कष्टाचं पडतं. जिग (चासी बांधताना पाइप जागेवर धरायचा साचा) जपून ठेवला असेल तर निम्मं काम झालेलंच आहे, आणि जुन्या चासीचे शाबूत ब्रॅकेट त्यावर येतात. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण ठिगळांवर ठिगळं लावलेल्या चासीत बसून पायांपुढे काय आहे याचा विचार करत गाडी चालवण्यापेक्षा बरं.

जोडणी झाली की रंग लगेच जाड मारू नका, नुसता पातळ प्रायमर, म्हणजे भेग आली तर दिसेल. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, मग चाकांचे कोन, म्हणजे कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढेमागे कल), कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल), टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर), आणि स्प्रिंग काढून चाक वरखाली करत टो किती बदलतो तेही बघा, कारण रॅकचं माउंट एखादा मिमी जरी वरखाली झालं तरी उंचवट्यावर गाडी स्वतःहून वळायला बघते आणि गाडी उभी असताना घेतलेल्या अलाइनमेंटच्या मापात ते येत नाही. रस्त्यावर न्यायच्या आधी तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे तपासणी, विमा जे लागेल ते. पहिली फेरी हळू, मोकळ्या जागेत, ब्रेक मारून हात सैल सोडून बघा गाडी कुठे ओढते का. परत आल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, प्रायमरवर टॉर्च मारा आणि कर्ण परत एकदा मोजून त्याच वहीत तारीख घालून लिहा.