वासाच्या चहाशेजारी साध्या चहाची वाटी

मे महिन्यात नागपुरात चहा चाखायला बसायचं असेल, तर आधी कूलर बंद करा. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की घरभर पसरणारा वास मला फार आवडतो, पण त्या वासात मोगऱ्याचा चहा आणि गुलाबाचा चहा यांच्यातला फरकच कळेनासा होतो. म्हणून आमच्या लक्ष्मीनगरच्या घरी उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला होतं. खिडक्या सताड उघड्या असतात आणि फोडणी अजून पडलेली नसते. तर्री पोहे नंतर. तर्रीने जीभ पोळली की तासभर चहाचा तुरटपणा नीट कळत नाही.

मी ३१ वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मोजून घेणं, चिठ्ठी लावणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, ही सवय हातात बसली आहे. निवृत्त झाल्यावर ती सुट्या चहापत्तीकडे वळली, त्यातही सुगंधी चहाकडे. चाखायला आम्ही तिघं असतो: मी, माझी लेक आणि माझे सासरे. मामाजी ८३ वर्षांचे आहेत, रोजचा चहा त्यांना दूध-साखरेचाच लागतो, पण रविवारी आमच्यासोबत कोरा पितात.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे: वासाचा चहा कधी एकटा चाखू नका. ज्या पत्तीला तो वास दिला आहे, ती किंवा तिच्या जवळची बिनवासाची पत्ती शेजारच्या वाटीत हवी. हे मला सर्दीत कळलं. मी एक गुलाबाचा चहा घेतला होता. डबा उघडला की पुढच्या खोलीतून विचारणा व्हायची, आज काय केलंय म्हणून. चार महिने आवडीने प्यायले. मग सर्दी झाली, नाक बंद पडलं, आणि त्या दिवशी कपात जे उरलं ते कडू, पातळ, गोणपाटासारखं होतं. गुलाब नसताना तो चहा पिण्याजोगाच नव्हता. पत्ती चांगली असती तर सर्दीतही काहीतरी हाती लागलं असतं.

आता सर्दीची वाट बघायची गरज नाही. पहिला घोट घेताना दोन बोटांनी नाक दाबून धरा. कडू, तुरट, गोड आणि जिभेवरचा जडपणा, एवढंच कळेल. ती पत्तीची बाजू. मग तोंड मिटून नाक सोडा. गिळताना घशाच्या मागून वास वर चढतो आणि चव एकदम उघडते. ती सुगंधाची बाजू. दोन्ही वेगळ्या लिहून ठेवा.

सामान फार लागत नाही. एकसारख्या पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या घ्या. स्टीलच्या नकोत, त्यात रंग दिसत नाही आणि ओठ भाजतात. एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र घ्याच, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. चमच्याने मोजलं तर तुलना तिथेच फसते, कारण मोगऱ्याच्या चहाच्या गोल वळलेल्या गोळ्या चमच्यात जड भरतात आणि पसरट पानं हलकी. चहा चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं असं ठरवलेलं आहे. त्याने चहा फक्कड होतो असं नाही, पण प्रत्येक वेळी सारखा होतो आणि दोष लपत नाहीत. घरी मी १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम घेते, काळ्या चहाला उकळतं पाणी आणि ४ मिनिटं. हिरव्या चहाला पाणी ८० अंशांच्या आसपास असावं, ३ मिनिटं पुरतात. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी थंड गंजात (पातेल्यात) ओता, तिथून दुसऱ्या गंजात, मग वाटीत. थंडीत एक ओतणं कमी करा. साधी आणि वासाची पत्ती, दोघींना पाणी आणि वेळ अगदी सारखी द्या.

पाण्याचं थोडं सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी ते वेगळं असतं. नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी, अनेक इमारतींत जोडीला बोअरिंग, आणि ओट्यावर आरओ. एकच काळा चहा या तिन्हींत करून बघा. बोअरिंगच्या जड पाण्यात वर तपकिरी साय धरते, ती वाटीच्या कडेला चिकटते आणि वास दबतो. आरओचं पाणी क्षार फार काढलेलं असेल तर चहा पोकळ लागतो. मी नळाचं पाणी गाळून, एकदाच उकळून वापरते. तुम्हाला हवं ते घ्या, पण एका बैठकीत पाणी बदलू नका.

भुरका मारायला लाजू नका. मामाजी आयुष्यभर बशीत ओतून भुरके मारत चहा प्यायले, आणि चहाच्या लिलावांसाठी काम करणारे चाखणारेही नेमकं तेच करतात, फक्त चमच्याने. हवेसोबत ओढलेला चहा तोंडात तुषारासारखा पसरतो आणि वास मागून नाकात पोचतो. बशीत तो लवकर निवतोही, हे फार कामाचं आहे. कडकडीत गरम चहात वास सगळ्यात जास्त उसळतो आणि दोष झाकले जातात. म्हणून प्रत्येक वाटी तीनदा चाखा: गरम, कोमट आणि पूर्ण गार झाल्यावर. गार वाटीत पत्तीवर वरून शिंपडलेला वास बऱ्याचदा औषधाच्या गोळीसारखा किंवा साबणासारखा वर येतो. आमच्या वहीत सगळ्यात खरं मत गार वाटीचं असतं.

सुगंधी चहा म्हणून एकाच फळीवर मिळणाऱ्या डब्यांत दोन वेगळ्या रीती असतात. एकीत पत्तीवर तेल किंवा अर्क चढवतात. दुसरीत पत्तीला वासाच्या संगतीत ठेवतात आणि ती तो पिऊन घेते. चहापत्ती वास आणि ओल दोन्ही ओढून घेते, म्हणूनच तिला मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये असं आई सांगायची. आधी पहिली रीत घेऊ.

तिचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे अर्ल ग्रे. काळ्या चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल दिलेलं असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं. मामाजींनी पहिल्यांदा हुंगला तेव्हा म्हणाले, "सूनबाई, यात संत्र्याची साल घातली ना?" नागपूरकराच्या नाकाला दुसरं काय आठवणार! पण ते अर्धंच खरं आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनिन, म्हणजे लिंबूवर्गीय वासाचा घटक असतो. बर्गमॉटमध्ये लिमोनिनसोबत फुलांसारख्या वासाचं लिनालूल आणि त्यापासून बनणारं ॲसिटेट भरपूर असतं, त्यामुळे त्याच्या आंबटगोड वासात फुलांचा वास मिसळतो. हे नाकाला शिकवायचं असेल तर घरातलीच युक्ती आहे. ताज्या संत्र्याची साल बोटांत दुमडून एका वाटीवर तिचा फवारा उडवा आणि त्याच वाटीत चिमूटभर धने ठेचून टाका. धन्याच्या तेलात लिनालूल हाच मुख्य घटक आहे. आता वाटी नाकाशी धरा, मग अर्ल ग्रेचा डबा उघडा. दोन्ही एक नाहीत, पण नातं लगेच कळतं. हे केल्यावर माझी लेक अर्ल ग्रेमधलं 'फूल' वेगळं ओळखायला लागली, आणि नुसता लिंबाच्या गोळीचा वास मारणारे दोन चहा तिने स्वतःहून बाजूला काढले.

अर्ल ग्रेशेजारी साधी वाटी आसाम, निलगिरी किंवा सिलोनच्या पानाच्या चहाची ठेवा, शक्यतो त्याच दुकानातली. सीटीसीचे दाणे (यंत्रात चुरून वळलेली रोजची चहापूड) नकोत, ते इतके जोरकस उतरतात की तुलना राहत नाही. मग स्वतःला विचारा: तेलाने चहाला काही दिलं, की त्याचं काही झाकलं? चांगल्या अर्ल ग्रेत नाक दाबल्यावरही आवळ्यानंतर पाणी प्यावं तसा गोडसर तुरटपणा मागे राहतो.

दुधाचं म्हणाल तर अर्ल ग्रे थोडं दूध सोसतो. पण संत्रं आणि हिबिस्कस, म्हणजे लाल अंबाडीची बोंडं घातलेल्या मिश्रणांत दूध घालू नका. एकदा पाहुण्यांसमोर माझा अख्खा गंज फाटला. त्या बोंडांचा आंबटपणा दूध फाडतो, हे मला ठाऊक असूनही घाईत लक्षात राहिलं नाही.

धुराचा चहा, लापसांग सूचाँग, नेहमी शेवटी ठेवा. चीनच्या वुयी डोंगरात पत्ती पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. आपल्याला धूर म्हटलं की गोवऱ्यांवरचे पानगे आठवतात, पण हा वास त्याहून राळेकडे झुकणारा आहे. एक घोट घेतला की पुढच्या दोन वाट्या वाया जातात. जपानी गेनमाइचात भाजलेले तांदूळ असतात. त्यात ताज्या लाह्यांचा वास यावा, जुन्या मुरमुऱ्यांचा नव्हे. एवढी एक कसोटी पुरे. एका बैठकीला पाचाहून जास्त वाट्या नकोत. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खोबणीत दोन-तीन श्वास घ्या.

दोन डब्यांच्या किमतीत मोठा फरक असेल तर माझी जुनी प्रयोगशाळेची पद्धत वापरा. तीन वाट्या घ्या, दोघींत एक चहा, तिसरीत दुसरा. वाट्यांच्या बुडाला पेन्सिलने खूण करा आणि कोणाला तरी त्या फिरवायला सांगा. वेगळी वाटी कोणती, ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून हे तीनदा करा. तिन्ही वेळा निव्वळ नशिबाने जमण्याची शक्यता २७ मध्ये १ आहे. तिन्हींत एकदाही चुकलात तर महाग डबा घेऊ नका. आमच्याकडे या चाचणीत मामाजी दोनदा एकटेच पूर्ण बरोबर आले आहेत, आणि तेव्हापासून नवा डबा त्यांच्या परवानगीशिवाय येत नाही.

आता दुसरी रीत, आणि माझ्या सगळ्यात आवडीची: मोगरा. चीनमध्ये ज्याला जॅस्मिन चहा म्हणतात, त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच, तीच जात. वसंतात खुडलेला हिरवा चहा उन्हाळ्यातल्या फुलांसाठी राखून ठेवतात. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलतात, तेव्हा त्यांचे आणि पत्तीचे थर देतात. सकाळी फुलं काढून पत्ती पुन्हा सुकवतात, कारण तिने फुलांची ओलही घेतलेली असते. चांगल्या मालाला हे सहा-सात वेळा करतात. म्हणून पाकिटात सुकी फुलं खूप दिसली की भुलू नका. त्यांनी आपलं काम आधीच केलेलं असतं, ती शोभेला असतात. मी खरी परीक्षा दुसऱ्या पाण्यात घेते. त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओता. शिंपडलेला वास पहिल्याच वाटीत संपतो, मुरलेला दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातही मंद येत राहतो.

हे नागपुरात स्वतः करून बघण्यासारखं आहे, कारण मोगऱ्याच्या हंगामात आपली हवा कोरडी असते. सीताबर्डीच्या फूलबाजारातले गजरे घेऊ नका. त्यांवर पाणी मारलेलं असतं आणि फवारणीचं काही सांगता येत नाही. कुंडीतला किंवा शेजारच्या काकूंच्या अंगणातला मोगरा घ्या. ४० ग्रॅम साधा, फार उग्र नसलेला हिरवा चहा तोलून ठेवा. त्यातला १० ग्रॅम वेगळ्या बरणीत बंद करा, ती साधी वाटी. उरलेला स्वच्छ धुऊन वाळवलेल्या स्टीलच्या डब्यात पसरा, वर मलमलीचा तुकडा, त्यावर संध्याकाळी तोडलेल्या, उमलायला आलेल्या कोरड्या कळ्या. झाकण सैल लावा. पहाटे फुलं पिवळी पडायच्या आत काढून टाका. पत्ती सावलीत, कागदावर, पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. कूलरच्या खोलीत नको. दर सकाळी १० ग्रॅम काढून तारखेची चिठ्ठी लावलेल्या बरणीत ठेवा. तीन रात्रींनी साधी धरून चार बरण्या होतील.

मग चारही वाट्या एका ओळीत मांडा. गेल्या वर्षी आमच्याकडे पहिल्या रात्रीच्या वाटीत वास फक्त वाफेत होता, घोटात नव्हता. दुसऱ्या रात्रीची सगळ्यांना आवडली. तिसऱ्या रात्री मी फुलं उशिरा, आठ वाजता काढली, आणि त्या बरणीत दुसऱ्या दिवशीच्या गजऱ्याचा जड वास उतरला. तो इंडोल नावाच्या रसायनाचा. ताज्या मोगऱ्यातही ते थोडं असतं, म्हणूनच तो इतका भरीव वाटतो, पण फूल शिळं झालं की तेच पुढे येतं. मामाजींनी ती वाटी बाजूला सरकवली आणि दुसऱ्या रात्रीची पुन्हा मागितली, बशीसकट. यंदा गजर पाचचा लावला आहे.