सेवा करताना या चुका टाळा

मदत वेळेवर पोचली, तरी पुढच्या खेपेला तो माणूस फोन उचलत नाही. भेटायला आलेले निघून जातात तेव्हा आजारी माणूस आधीपेक्षा जास्त दमलेला असतो. चर्चच्या मंडळीतली सगळी धावपळ त्याच चार जणांच्या अंगावर पडते. यांपैकी काहीही दिसलं की नम्रतेवर उपदेश सुरू होतो. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण नम्रता आधी कामाच्या मांडणीत तपासायची असते. काय करायचं, केव्हा आणि किती, हे ठरवतं कोण? बहुतेक चुकांचं मूळ याच प्रश्नाच्या उत्तरात सापडतं.

न विचारता मदत करणं

बायबलमध्ये यरीहो गावाच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. त्याला काय हवं ते कोणालाही दिसत होतं. तरी येशू त्यालाच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं (मार्क 10:51). सेवेत हाच प्रश्न सर्रास गाळला जातो. मग मधुमेही माणसाच्या घरी गोडधोड जातं, एकाच दिवशी तीन डबे पोचतात आणि नंतर आठवडाभर कोणी फिरकत नाही.

याच्या उलट टोकाला आहे ‘काही लागलं तर सांगा हं’. बोलणं मनापासूनचं असतं, पण काय मागावं, कोणाकडे मागावं हे अडचणीतल्या माणसानेच शोधायचं आणि वर संकोचही गिळायचा. उघड्या-उपाशी माणसाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावण्याबद्दल याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात जे सुनावतो (याकोब 2:15-16), ते इथेही लागू पडतं. त्यापेक्षा नेमके दोन पर्याय द्यावेत आणि नकाराला जागा ठेवावी: ‘मंगळवारी संध्याकाळी सहाला जेवण आणू, की गुरुवारी दवाखान्यात सोबत येऊ? दोन्ही नको असेल तरी चालेल.’

जेवणाचं वेळापत्रक एकाच व्यक्तीकडे असावं. तिने पथ्य आणि ॲलर्जी आधी विचारून घ्यावी, सहसा एक दिवसाआड जेवण लावावं आणि ते परत न करायच्या डब्यातच पाठवायला सांगावं. कोणाचं भांडं कोणतं हे लक्षात ठेवून घासूनपुसून परत करणं म्हणजे त्या घराला लावलेलं नवं काम. शिवाय मदतीचा ओघ पहिल्या आठवड्यात उसळतो आणि मग आटतो. म्हणून निम्मी नावं तिसऱ्या आठवड्यापासून पुढे मुद्दाम राखून ठेवावीत.

रुग्णाजवळ लांबलेली भेट

पंधरा-वीस मिनिटं पुरे. आधी विचारून जावं. खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसावं. पलंगाच्या कडेवर बसलं की गादी हलते आणि दुखणारा भाग नेमका दुखावतो. आपल्या नात्यातल्या कोणाला हाच आजार कसा झाला होता, ही कथा सांगू नये.

‘प्रार्थना करू का? कशासाठी करू?’ असं विचारून मगच सुरुवात करावी आणि दोन मिनिटांत थांबावं. ‘प्रभू, याचा विश्वास वाढव’ ही प्रार्थना बोलणाऱ्याला साधी वाटते. पडून असलेल्या माणसाला ती आपल्यावर ठेवलेला ठपका वाटते. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब 2:13). तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं, चुकले ते बोलायला लागल्यावर.

आजाराचा तपशील प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकण्याआधी परवानगी घ्यावी. मात्र ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नये. घरातला हिंसाचार किंवा जीव देण्याचा विचार कानावर आला, तर त्या माणसाला एकटं न सोडता प्रशिक्षित मदत लगेच बोलवावी लागते.

पाय धुण्याचा नुसता देखावा

योहान 13 मध्ये येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, त्या कामाचा प्रत्येक टप्पा तिथे दिला आहे: बाह्यवस्त्रं उतरवली, रुमाल कंबरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले, रुमालाने पुसले. हे सगळं एकाच माणसाने केलं. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, याच्या आठवणीत होणाऱ्या विधीत बहुधा याचे तुकडे होतात. पाळक चार थेंब शिंपडतात, पाणी दुसरा आणतो, फरशी तिसरा पुसतो. पाणी भरण्यापासून फरशी पुसण्यापर्यंतचं काम पाय धुणाऱ्याकडेच ठेवून पाहा, विधीचा नूरच बदलतो. समोर बसवायला फक्त मानाची माणसं निवडणं हीसुद्धा चूकच. कॅथलिक विधीत 2016 पासून निवडलेल्यांमध्ये स्त्रियाही असू शकतात.

पाणी कोमट असावं आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासलेलं असावं. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पाणी जास्त गरम असलं तरी त्या माणसाला कळत नाही आणि पाय भाजतो. पाणी तांब्याने वरून ओतावं, रिकामं गंगाळ फक्त खाली धरावं. एकाच गंगाळात सगळ्यांचे पाय बुडवले तर बुरशीचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येकाला वेगळा, धुतलेला टॉवेल हवा. बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. जखम असलेला पाय वगळावा आणि कोणी नको म्हटलं तर हट्ट करू नये.

येशूचा शिष्य पेत्र याचा नकार मात्र निराळा होता. ‘माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत’ असं तो अडून बसला आणि येशूने ते चालू दिलं नाही. सतत देणाऱ्या आणि कधीच काही न घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. आपली एखादी खरी अडचण दुसऱ्याला सोडवू दिली नाही, तर देणारे वर आणि घेणारे खाली अशी उतरंड तयार होते.

पैशाला लावलेल्या अटी

येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच (लूक 17:11-19). उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं गेलं नाही. तेव्हा उपासनेला हजेरी, साक्ष (आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं) किंवा धान्याच्या पिशवीसोबत फोटो, यातलं काहीही मदतीशी बांधू नये.

येशूच्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी (मत्तय 20:2). जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन असं सांगितलं आणि स्वतः पुढच्या प्रवासाला निघाला. ठरलेली रक्कम, थेट भरणा, पुन्हा चौकशी हे तिन्ही धडे उचलावेत. थेट भरणा अर्थात घेणाऱ्याला विचारूनच. निर्णय किमान दोघांनी मिळून घ्यावा. नावं वेगळ्या वहीत राहावीत, मंडळीच्या अहवालात फक्त एकूण आकडा यावा.

तेच चार जण

यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितलं (प्रेषितांची कृत्ये 6:1-6). त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा ते तक्रार करणाऱ्यांच्या गटातलेच होते. ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातला एकही जण समितीत नसेल, तर हीच दुरुस्ती करावी.

दमणूक हा व्यवस्थेचा दोष आहे, श्रद्धेचा नव्हे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठ-नियमात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदलते. वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरलेल्या वाट्याखेरीज थोडी भाकरी आणि पेय मिळतं, म्हणजे त्यांनी कुरकुर न करता वाढावं. पाळी संपवणारा भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या प्रमुखाकडे परत करतो, तो ती नव्या माणसाच्या हवाली करतो.

तशीच एक पानभर यादी आपल्याकडेही असावी: किल्ली कुठे असते, सामान किती शिल्लक आहे, कोणत्या घरी कधी जायचं, कोणाला काय पथ्य आहे. सहा महिन्यांनी काम दुसऱ्याच्या हाती देताना पहिले दोन आठवडे दोघांनी सोबत जावं, तिसऱ्या आठवड्यापासून जुन्याने घरी थांबावं आणि विचारल्याशिवाय सूचना करू नयेत.