टाइल्सचा खरा हिशेब : एका खोलीच्या फरशीचा पर्यावरणावरील भार घरच्या घरी कसा काढावा

घराची फरशी निवडताना आपण साधारणपणे चौरस फुटाचा दर, रंग आणि चकाकी एवढ्यावर निर्णय घेतो. सातारा, कराड किंवा सांगलीतल्या दुकानातून टाइल्सचे बॉक्स टेम्पोत चढतात, तेव्हा त्यांच्यामागे किती गॅस जळला, किती डिझेल खर्च झाले आणि घरात आल्यावर त्यांच्याखाली किती सिमेंट जाणार आहे, हे पावतीवर कुठेही नसते. हा भार मोजण्याच्या शास्त्रीय पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. तिचे नियम आयएसओ १४०४० आणि आयएसओ १४०४४ या २००६ च्या मानकांत दिलेले आहेत, आणि खाणीतून माती निघाल्यापासून फुटलेल्या फरशीचा राडारोडा होईपर्यंतचे सगळे टप्पे त्यात येतात. संपूर्ण अभ्यास हे तज्ज्ञांचे काम आहे. मात्र एका खोलीपुरता ढोबळ हिशेब कोणालाही वही-पेन घेऊन तासाभरात मांडता येतो, आणि तो मांडल्यावर आपले काही पक्के समज हलतात.

सुरुवात मापाने करावी. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, अर्थात सुमारे ११.१५ चौरस मीटर. दोन बाय दोन फुटांच्या चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १.४४ चौरस मीटर फरशी येते, म्हणून कापाकापी आणि फूट धरून नऊ बॉक्स लागतात. बॉक्सवर वजन छापलेले नसेल तर दुकानातल्या काट्यावर एक बॉक्स ठेवून पाहावा. नऊ मिलिमीटर जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचे वजन चौरस मीटरला २० किलोच्या आसपास भरते, म्हणजे खोलीसाठी साधारण २६० किलो माल. हिशेबाच्या सोयीसाठी आपण १२ चौरस मीटर आणि २४० किलो धरू. वजन नीट मिळाले की पुढचे काम सोपे होते, कारण भट्टीचा गॅस आणि ट्रकचे डिझेल ही दोन्ही वजनाच्या प्रमाणात वाढतात. दर मात्र चौरस फुटावर ठरतो, त्यामुळे जाड टाइल म्हणजे जास्त टिकाऊ टाइल असे समजून आपण नकळत ओझे विकत घेतो.

आता कारखान्याकडे वळावे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या असतात. चिकणमाती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे पाण्यात दळून त्यांची पातळ रबडी करतात, तिच्यात ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ही रबडी स्प्रे ड्रायरमध्ये गरम हवेत फवारून तिची जेमतेम सहा टक्के ओलाव्याची भुकटी बनवतात, ती भुकटी प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये दाबून टाइलचा आकार देतात, आणि मग रंग व ग्लेझ चढवून ती रोलर भट्टीतून नेतात. व्हिट्रिफाइड टाइलसाठी भट्टीचे तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेमुळेच माती काचेसारखी घट्ट होते आणि तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत येते. भिंतीच्या टाइल्स याच्या उलट सच्छिद्र असतात, त्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात, आणि त्यांच्या मातीत चुनखडी मिसळलेली असेल तर इंधनाच्या धुराखेरीज चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. ज्यांना वाटते की सगळी उष्णता भट्टीतच जाते, त्यांनी ध्यानात घ्यावे की रबडीतले पाणी उडवण्यातच एकूण उष्णतेचा तिसरा हिस्सा जातो.

एक किलो टाइलमागे साधारण ५ मेगाज्यूल उष्णता धरली, तर आपल्या २४० किलोंसाठी १२०० मेगाज्यूल लागतात. नैसर्गिक वायूच्या प्रत्येक मेगाज्यूलमागे ५६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून या रकान्यात ६७ किलो लिहावेत. दळण, प्रेस आणि पंखे यांची वीज चौरस मीटरला ४ युनिट आणि युनिटमागे ०.७ किलो धरली, की ३४ किलो आणखी येतात. म्हणजे खोलीभर टाइल्स कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत शंभर किलो कार्बन डायऑक्साइडचा आकडा होतो. इंधन कोळसा असेल तर तो बराच वाढतो. मोरबीत अनेक वर्षे कोळशापासून गॅस बनवणारी गॅसिफायर यंत्रे चालत असत, आणि त्यांतून निघणारे डांबरयुक्त पाणी हे तिथल्या परिसराचे वेगळेच दुखणे होते. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही यंत्रे बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. कार्बनच्या आकड्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे माती तापताना तिच्यातून सुटणारे फ्लोराइडचे वायू, जे धुराड्याआधी चुन्याने धरून ठेवावे लागतात. शिवाय दुधासारखा पांढरा रंग आणण्यासाठी झिरकॉन नावाचे जे खनिज वापरतात ते समुद्रकाठच्या वाळूतून काढावे लागते. अतिशुभ्र टाइलचा हट्ट सोडला तर हा भार आपोआप कमी होतो.

वाहतुकीचा रकाना तुलनेने लहान निघतो. मोरबीहून साताऱ्याला रस्त्याने जवळपास हजार किलोमीटर पडतात, सांगलीला त्याहून शंभरेक जास्त. भरलेला मोठा ट्रक टनामागे किलोमीटरला साधारण ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो असे धरले, तर आपल्या पाव टनाच्या आतल्या मालासाठी १९-२० किलो होतात. इथे एक तुलना करण्याजोगी आहे. शहाबादी फरशी भाजावी लागत नाही, म्हणून तिचा कारखान्याचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. पण ती जाड असते आणि चौरस मीटरला ६५-७० किलो भरते. शहाबादहून सांगली तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर असली, तरी तिप्पट वजनामुळे तिचे वाहतुकीचे ओझे मोरबीच्या टाइलइतकेच होते. तरीही एकूण हिशेबात शहाबादी हलकी पडते, आणि परसदार, ओटा, जिना, गोठा अशा जागी चकचकीत टाइल घालण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

खरा धक्का पुढच्या रकान्यात आहे. टाइलखाली किती जाडीचा माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) टाकणार, हा प्रश्न मिस्त्रींना विचारावा. उत्तर बहुधा ‘दीड-दोन इंच’ असे येते. दोन इंच जाडीचा एकास सहा प्रमाणाचा माल आपल्या खोलीत पसरला आणि त्यावर सिमेंटची रबडी ओतून टाइल बसवली, तर जवळपास चार गोण्या, म्हणजे २०० किलो सिमेंट लागते. एक किलो पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटमागे ०.६ ते ०.६५ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे टाइलखाली गाडले जाणारे सिमेंट एकटेच १२०-१३० किलोंचा भार टाकते, जो भट्टीत भाजलेल्या टाइल्सहून जास्त आहे. त्यासोबत जवळपास टनभर वाळू किंवा क्रश सँड लागते ती वेगळीच. टाइलच्या ब्रँडची चर्चा तासभर चालते आणि मालाची जाडी मिस्त्री उभ्या उभ्या ठरवतो. म्हणून दुकानात जाण्याआधी खोलीची लेव्हल काढून घ्यावी. खालचा कोबा सपाट आणि ढाळाला बरोबर असेल, तर इंचाच्या आत माल पुरतो आणि दोन गोण्या सहज वाचतात. तळ फारच सरळ असेल तर टाइल ॲडेसिव्ह वापरावे, ते चौरस मीटरला ५ किलोंच्या आसपास लागते, आणि त्यातही सिमेंटचा वाटा निम्म्याहून कमी असतो.

आता बेरीज करावी. टाइल्स १००, वाहतूक २०, खालचा माल १३०. एका खोलीचे मिळून २५० किलो. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर हे शंभरहून थोडे जास्त लिटर जाळण्यासारखे आहे. परंतु या बेरजेवर थांबू नये, तिला वर्षांनी भागावे. फरशी तीस वर्षे टिकली तर वर्षाला सव्वाआठ किलो पडतात, दहा वर्षांत उखडली तर पंचवीस. टाइल भट्टीत कितीही काटकसरीने भाजलेली असली, तरी तिप्पट फरक भट्टीतून निघत नाही, तो वर्षांतूनच निघतो.

हे मी घरच्या अनुभवावरून लिहितो आहे. आमच्या सांगलीच्या घरात हॉलची फरशी बसवताना स्पेसर (टाइल्समध्ये सारखी फट राखणारे छोटे तुकडे) न लावता टाइलला टाइल चिकटवली होती, कारण सांधा दिसू नये अशी आमचीच मागणी होती. नवव्या वर्षी, एप्रिलमधल्या एका दुपारी, काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मधल्या दोन ओळी तंबूसारख्या वर आल्या. टाइल्स फुटलेल्या नव्हत्या, त्यांची चमकही गेलेली नव्हती. उन्हाळ्यात प्रसरण पावायला जागा नव्हती एवढेच. दुरुस्ती दहा टाइल्सची होती, पण त्याच शेडचा बॉक्स कुठेच मिळेना, आणि शेवटी सगळा हॉल उखडावा लागला. त्या दिवशी ट्रॉलीत भरलेल्या ढिगात टाइल्स कमी आणि खालचा मालच जास्त होता.

त्यामुळे आयुष्य वाढवण्याची कामे हीच पर्यावरणाची कामे समजावीत. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच भरली तर वरची फरशी दोन-तीन वर्षांत दबते. जोत्यात मुरूमच भरावा, सहा ते नऊ इंचांचे थर करून पाणी मारावे, धुमसाने ठोकावा आणि त्यावर काँक्रीटचा थर द्यावा. टाइल्समध्ये किमान दोन मिलिमीटरचा सांधा ठेवावा, आणि भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, जी नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. एक पूर्ण बॉक्स, बॅच आणि शेडच्या क्रमांकासह, माळ्यावर जपून ठेवावा. काम सुरू असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहावी. मध्यभागी वाजवून भागत नाही, चारही कोपरे वाजवावेत. भरीव टाइलचा आवाज बंद आणि छोटा येतो, पोकळ टाइल मडक्यासारखी वाजते. ज्या कोपऱ्याखाली माल नाही तिथे पुढे पलंगाचा पाय किंवा गॅस सिलिंडर आला की टाइल तडकते. पोकळ निघालेली टाइल त्याच वेळी उचलून पुन्हा बसवून घेण्यात संकोच करू नये. भिंतीची टाइल स्वस्त मिळाली म्हणून जमिनीवर तर मुळीच घालू नये. ती चालण्याचा भार सोसण्यासाठी बनवलेलीच नसते.

जुनी फरशी घट्ट असेल, फक्त रंग कंटाळवाणा झाला असेल, तर न उखडता तिच्यावरच ॲडेसिव्हने नवी टाइल बसवता येते. आपल्या उदाहरणात खालच्या मालाचा १३० किलोंचा रकाना त्यामुळे पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि टनापेक्षा जास्त राडारोडा निघतच नाही. त्यासाठी जुनी फरशी नाण्याने वाजवून पोकळ टाइल्स काढून भराव्यात, मेण आणि तेलकटपणा धुवावा, चकचकीत पृष्ठभाग थोडा खरबरीत करावा, आणि भारतीय मानक १५४७७ प्रमाणे, टाइलवर टाइल बसवण्यासाठी योग्य अशा प्रकारचेच ॲडेसिव्ह मागावे. दरवाजे खालून तासावे लागतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची तपासावी लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्या घरांत पाणी दिवसेंदिवस साचले होते, तिथे मात्र आधी तळ पूर्ण वाळू द्यावा आणि कुठे खचला आहे का ते पाहावे. ओल्या, सैल तळावर नवी टाइल चिकटवणे म्हणजे दुप्पट राडारोड्याची तयारी आहे.

वापराच्या काळाचा रकाना लोक विसरतात. टाइलला पॉलिश किंवा रंग लागत नाही, पण ती रोज पुसावी लागते. पन्नास चौरस मीटरच्या घरात रोज दहा लिटरची एक बादली धरली, तर तीस वर्षांत एक लाख लिटरहून जास्त पाणी जाते. तेवढ्या टाइल्सच्या रबडीतून स्प्रे ड्रायरमध्ये उडालेले पाणी सुमारे पाचशे लिटर असते. माणदेशात किंवा जतकडे, पाण्याच्या टंचाईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. रोज केर काढून एकाआड एक दिवस पुसणे, आणि पुसलेले पाणी फिनेल नसेल तर झाडांना घालणे, एवढ्याने हा रकाना निम्म्यावर येतो. ॲसिडने फरशी घासणे टाळावे; त्याने टाइल नव्हे तर सांधे खाल्ले जातात, मग त्यांतून पाणी खाली मुरते.

एखाद्या कंपनीने पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र, म्हणजे आपल्या मालाचा असाच हिशेब, काढलेले असेल तर ते जरूर मागावे, मात्र वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. आकडा किती वजनाच्या टाइलचा आहे, तो कारखान्याच्या फाटकापर्यंतचा आहे की शेवटपर्यंतचा, आणि आयुष्य किती वर्षांचे धरले आहे. सात मिलिमीटरच्या भिंतीच्या टाइलचा आणि नऊ मिलिमीटरच्या जमिनीच्या टाइलचा आकडा शेजारी ठेवून विजेता ठरवणे चुकीचे आहे.

टाइल कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत क्वार्ट्झ असते आणि ते फुप्फुसात कायमचे बसते. कटरवर पाण्याची धार धरायला लावावी आणि कापण्याचे काम घराबाहेर, वारा धूळ माणसांपासून दूर नेईल अशा बाजूला करून घ्यावे. कारागीर ‘सवय आहे’ म्हणतील, तरीही.

शेवटी राडारोडा. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत, ते पहिल्यांदा २०१६ मध्ये आले. तेव्हा हा राडारोडा घरगुती कचऱ्यात मिसळू नये आणि ओढ्यात तर टाकूच नये. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, पण ती कुजतही नाही, म्हणून खालचा माल आणि तुकडे जोत्याच्या भरावात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात चालतात. फिक्या रंगाचे तुकडे वेगळे काढून गच्चीवर चायना मोझॅक करून घेतले, तर छत उन्हाळ्यात कमी तापते. मात्र त्याखालीही सिमेंटचा माल जातोच, म्हणून गच्ची गळत असेल आणि वॉटरप्रूफिंग करायचेच असेल, तेव्हाच ते काम काढावे, आणि तोवर तुकडे पोत्यात भरून जिन्याखाली ठेवावेत.