एटीपी सिंथेजचं स्ट्रक्चर उद्यमनगरातल्या मिस्त्रीसारखं कसं वाचायचं

आमच्या मामाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. कुणी गावाकडून बंद पडलेलं इंजिन टेम्पोत घालून आणलं की मामा कंपनी-मॉडेल काय विचारत बसत नाही, सरळ खोलतो आणि तीनच गोष्टी बघतो, फिरतंय काय, धरून ठेवलंय कशानं, आणि तेल जातंय कुठनं. मी बीएस्सीच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि प्रोटीनचं स्ट्रक्चर वाचायची याच्यापेक्षा चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही, म्हणून एक मशीन घेऊन तसंच करून दाखवतो.

मशीन म्हणजे एटीपी सिंथेज. पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार करणारं प्रोटीन ते. पुस्तकात त्याचं छत्रीसारखं चित्र असतं, पोरं ते पाठ करतात आणि परीक्षेत काढून मोकळी होतात. ते चित्र आज बाजूला ठेवा.

प्रोटीन डेटा बँक म्हणून प्रोटीनच्या स्ट्रक्चर्सचा इंटरनेटवर एक फुकटचा साठा आहे, १९७१ साली सुरू झाला तेव्हा त्यात फक्त ७ स्ट्रक्चर्स होती, आता २ लाखांच्या वर आहेत. तिथं सर्चमध्ये इंग्रजीत एक, बी, एम, एफ असं सलग टाइप करा आणि थ्रीडी व्ह्यू उघडा, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. हे गाईच्या हृदयातलं एटीपी सिंथेज, खरं तर त्याचा वरचा गोळा, जॉन वॉकर आणि त्यांच्या केंब्रिजच्या टीमनं १९९४ मध्ये छापलेलं. रंग बघून खूश होऊन गरागरा फिरवत बसू नका (सगळे पहिली दहा मिनिटं तेच करतात, मी पण केलं). आधी रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती बारीक दिसतं त्याचा, आकडा बघा. इथं साधारण २.८ अँगस्ट्रॉम आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणजे प्रोटीनची साखळी कुठनं कुठं गेली ते पक्कं कळतं पण प्रत्येक अणू सुटा दिसत नाही, त्यामुळं एखाद्या अणूच्या बारीकशा हालचालीवरनं भांडण काढायचं नाही.

आता खोला. ए, बी, सी या साखळ्या अल्फा, डी, ई, एफ या बीटा, आणि जी म्हणजे गॅमा. अल्फा-बीटा आलटून पालटून मोसंबीच्या फोडींसारखे गोल बसलेत. एकेक करून लपवा. पुढच्या दोन फोडी काढल्या की मधोमध गॅमा दिसतो, दोन पदरी सुतळीला पीळ घातल्यासारखा लांब दांडा. हाच शाफ्ट. वरच्या टोकाला तो ज्या भोकातनं जातो तिथं आतल्या बाजूला पाणी नकोसं वाटणारे अमिनो आम्ल आहेत, शाफ्टच्या बाजूला पण तसेच, म्हणजे चिकटून धरणारं तिथं फारसं काही नाही. मामाला लॅपटॉपवर दाखवलं तर म्हणाला, "हे बेअरिंग हाय की रं." स्ट्रक्चर बघणाऱ्या शास्त्रज्ञांनी पण बेअरिंगच म्हटलंय त्याला.

आता खरी मजा, आणि इथंच मी दोन वर्षं चुकीचं शिकवत होतो. तिन्ही बीटा एकाच जीनपासनं तयार होतात, अमिनो आम्लांचा क्रम अगदी तोच, म्हणून मी वर्गात सांगायचो की तीन सारखे भाग. पण प्रत्येकाच्या खिशात काय आहे ते बघा. डीमध्ये एडीपी, म्हणजे ज्यापासनं एटीपी बनतं तो कच्चा माल, आहे, एफमध्ये एटीपीचा न तुटणारा डुप्लिकेट आहे, आणि ई रिकामा! नुसता रिकामा नाही, त्याचा खालचा भाग बाहेर सरकलाय, खिसाच उघडलाय. का सरकला? गॅमा सरळ नाही, वाकडा आहे, तो जिकडं जसा टेकतो तिकडच्या बीटाला तसा आकार घ्यायला लागतो. इंजिनातला कॅमशाफ्ट आठवा, कॅम गोल असता तर व्हॉल्व्ह कधी उघडलाच नसता. म्हणून स्ट्रक्चर वाचताना सारखं काय आहे यापेक्षा सारखं असायला हवं होतं पण नाही ते शोधा, बहुतेक वेळा काम तिथंच चाललेलं असतं.

पॉल बॉयर या अमेरिकन बायोकेमिस्टनी हे स्ट्रक्चर यायच्या आधीच सांगितलं होतं की तीन जागा पाळीपाळीनं उघड्या, सैल आणि घट्ट होतात. चित्रात तिन्ही अवस्था एकाच वेळी पकडलेल्या सापडल्या. १९९७ चं केमिस्ट्रीचं नोबेल बॉयर आणि वॉकर यांना मिळालं, त्याच वर्षी येन्स स्कू यांनाही, पण ते वेगळ्या पंपासाठी.

तरी थांबा, फोटोवरनं गाडी चालते असं म्हणता येत नाही. फिरतंय हे सिद्ध केलं जपानमधल्या टीमनं, १९९७ मध्येच. गोळा काचेवर उलटा चिकटवला, गॅमाला ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचा चमकणारा धागा बांधला, एटीपी घातलं म्हणजे मशीन उलटं चालवलं, आणि मायक्रोस्कोपखाली धागा गरगर फिरताना दिसला, एटीपी कमी असलं की १२०-१२० अंशांच्या टप्प्यात. तीन बीटा, तीन टप्पे, हिशोब जुळला.

आता काय दिसत नाही ते पण बघा. या फाईलमध्ये गॅमाचा बराच भाग गायब आहे, तो २००० सालच्या एक, ई, सात, नऊ या फाईलमध्ये बऱ्यापैकी दिसतो. आणि शाफ्टच्या खाली पडद्यात (मेम्ब्रेनमध्ये) बसलेलं चाक तर नाहीच, गोळ्याला धरून ठेवणारा बाजूचा दांडा पण नाही. तो दांडा नसता तर शाफ्टबरोबर गोळाही फिरला असता आणि कॅम कशावर दाबणार. पूर्ण मशीन नंतर क्रायो-ईएमनं, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर, दिसलं.

त्या चाकाचे दात मोजा. राधानगरी धरणाला पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं तसं इथं प्रोटॉन, म्हणजे या मशीनचं तेल, उतरताना चाक फिरवतात, एका दाताला एक प्रोटॉन. गाईत ८ दात, यीस्टमध्ये १०, पालकाच्या क्लोरोप्लास्टमध्ये १४. एका फेरीत एटीपी मात्र तीनच, कारण बीटा तीन. म्हणजे गाईला एका एटीपीला साधारण २.७ प्रोटॉन लागतात आणि पालकाला ४.७, आणि हे नुसते दात मोजून कळलं, सायकलच्या फ्रीव्हीलचा हिशोब करतो तसं.

अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या एआयबद्दल, पोरं नेहमी विचारतात. भारीच आहे ते, पण त्याच्या डेटाबेसमधनं एकटा बीटा काढलात तर एकच आकार मिळेल, खिशात एटीपी नसेल, शेजारी गॅमा नसेल, मग तीन बीटा वेगळे कसे हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

हे जमलं की एक, बी, जी, दोन उघडा, माणसातल्या कायनेसिनचं डोकं आहे ते, पेशीत ८ नॅनोमीटरची पावलं टाकत माल वाहतं. तेल कुठनं जातंय तेवढं आधी शोधा. रायबोसोम (पेशीत प्रोटीन बनवणारं मशीन) मोबाईलवर उघडू नका, फाईल मोठी आहे, माझा फोन दोनदा हँग झाला.