झोनलच्या आधीचे सहा आठवडे: कॉलेजच्या फुटबॉल संघांनो, या चुका टाळा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिमखान्याच्या फळ्यावर सूचना लागते: फुटबॉल निवड चाचणी, सकाळी साडेसहा, बूट आणणे. चाळीसेक मुलं येतात. पहिल्या दिवशी मैदानाला दहा फेऱ्या, मग शंभर बैठका, मग पायऱ्या. दुसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी बावीस मुलं उरतात आणि त्यातली सहा मांडी धरून कडेला बसलेली असतात. "टिकले ते खरे," म्हणत आपण त्यांच्यातूनच संघ काढतो. गेलेल्यांत एक चांगला बॅक, म्हणजे बचावपटू होता, हे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन झोनल स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात कळतं.

मी कोल्हापुरात कॉलेजकडून खेळलो आणि आता बारा वर्षं सकाळच्या सरावाला संघाबरोबर उभा असतो. आपल्या मुलांत जिद्द कमी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पेठेतल्या पोराला ईर्षा शिकवावी लागत नाही. हंगाम हातचा जातो तो या पाच-सहा आठवड्यांत, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं: समोर उभ्या असलेल्या पोराचे पाय आज कसे आहेत, हे कुणी विचारलेलंच नसतं.

सगळ्यांना एकाच मापानं पळवणं

केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, वरिष्ठ गटाचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत शाहू स्टेडियमवर चालतो. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा मात्र कॉलेजच्या पहिल्या सत्रात. त्यामुळे चाचणीला दोन तऱ्हेची मुलं येतात. एक, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून उन्हाळ्यापर्यंत खेळून आलेला. त्याची जांघ किंवा घोटा अजून दुखतो आणि तो ते सांगत नाही. दुसरा, बारावीच्या अभ्यासात वर्षभर बॉलला पाय न लावलेला. पहिल्याला आणखी पळवलं की जुनं दुखणं उसळतं. दुसऱ्याच्या नडग्या आठवड्यात ठणकायला लागतात, कारण दम जितक्या लवकर वाढतो तितक्या लवकर हाडं आणि कंडरा तयार होत नाहीत.

पळवण्याआधी दहा मिनिटं बसवा. शेवटचा सामना कधी खेळलास, काय दुखतंय, सध्या आणखी कुठं सराव करतोस, हे तीन प्रश्न विचारा आणि वहीत लिहा. बारावीहून आलेल्या मुलाला पहिले दोन आठवडे एक दिवसाआड बोलवा. तालमीतून आलेल्याला बॉल द्या, फेऱ्या कमी करा.

फेऱ्यांचा मोह तर सगळ्यांनीच आवरावा. नव्वद मिनिटांत मिडफिल्डर दहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो, पण त्यातलं बरंचसं चालत किंवा हळू पळत. सामना फिरतो तो वीस-तीस मीटरच्या झेपेवर आणि ती झेप पुन्हा पुन्हा घेता येण्यावर. रंकाळ्याभोवती रोज एकाच चालीनं पळून ते येत नाही. तीस बाय वीस मीटरचा चौकोन आखा, चारास चार खेळवा, चार मिनिटं खेळ, दोन-तीन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. दम तिथंच वाढतो आणि बॉलही पायाशी राहतो.

दोन संघ, एकच पोरगा

हे दुखणं खास आपल्या गावाचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. सकाळी सहा ते साडेसात कॉलेजचा सराव. संध्याकाळी तोच मुलगा तालमीच्या सरावाला. रविवारी कुठंतरी सेव्हन-अ-साइडची, म्हणजे सात-सात जणांच्या संघांची स्पर्धा, दिवसात तीन सामने. सोमवारी तो मैदानावर जड पावलांनी पळतो आणि आपण ओरडतो, "अरे, झोप झाली नाही का?" कॉलेजचे सर आपला सराव मोजतात, तालमीचे प्रशिक्षक त्यांचा. दोन्हींची बेरीज फक्त त्या पोराच्या पायांत होते.

ती बेरीज कागदावर आणणं अवघड नाही. प्रत्येक सरावानंतर मुलाला विचारा, दहापैकी किती दमलास? तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणा. सकाळचे नव्वद मिनिटं आणि सहा, म्हणजे ५४०. संध्याकाळचे साठ मिनिटं आणि आठ, म्हणजे ४८०. त्या दिवसाचे झाले १०२०. आठवड्याची बेरीज मांडा आणि आधीच्या आठवड्याच्या शेजारी ठेवा. एकदम दीडपट झाली असेल, तर त्या मुलाला पुढचे दोन दिवस नुसतं पासिंग आणि कॉर्नर. खर्च फक्त एका वहीचा. मुलं पहिले काही दिवस खोटे आकडे सांगतात, कारण "दमलो" म्हटलं की संघातून जाऊ अशी भीती असते. खरं सांगणाऱ्याला एकदा विश्रांती देऊन पुढच्या सामन्यात पहिल्या अकरात घ्या, मग सगळे खरं सांगतात.

तालमीच्या प्रशिक्षकाला फोन करायला संकोच वाटतो, तो करू नका. मी केला तेव्हा समोरून उत्तर आलं, "सर, आमालाबी तो डिसेंबरात धड पाहिजेच की. गुरुवारी आमी सोडतो त्याला." आठवड्यातला एक दिवस दोघांनी मिळून मोकळा ठेवला, एवढ्यानंच त्या वर्षी मांडीची दुखणी कमी झाली.

याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे पेठांची ईर्षा. पाटाकडील तालमीचा विंगर आणि दिलबहार तालमीचा स्ट्रायकर एका जर्सीत येतात, पण पास जात नाही. भाषण देऊन हे सुटत नाही. जोड्या मुद्दाम मिसळा. दोन सेंटर बॅक दोन वेगळ्या तालमींचे ठेवा आणि सहा आठवडे बदलू नका. रोज एकमेकांच्या चुका निस्तरणारी मुलं बोलायला लागतात.

मुरगळलेला घोटा चोळणं

"काय न्हाई सर, जरा चोळलं की हुतंय." हे वाक्य ऐकलं की मला माझं दुसरं वर्ष आठवतं. घोटा मुरगळला, संध्याकाळी गरम तेलानं जोरात रगडून घेतला, चौथ्या दिवशी पट्टी आवळून सामना खेळलो. तो घोटा आजही जिना उतरताना दगा देतो. रगडणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण आत फाटलेल्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावर, रगडणं म्हणजे सूज आणि रक्तस्राव वाढवणं.

पहिले दोन-तीन दिवस तेल नको, शेक नको, ओढाओढ नको. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, थेट कातडीवर नको. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. गुडघ्यातून "कट्ट" असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा सुजला, तर विषय मुरगळण्याच्या पलीकडचा आहे. हाडांच्या डॉक्टरांनी बघेपर्यंत त्याला मैदानावर उतरवू नका, उपांत्य सामना असला तरी.

परत कधी घ्यायचं? एकट्या दुखऱ्या पायावर दहा उड्या, मग पूर्ण वेगानं पळून एकदम वळणं. दोन्ही न दुखता जमलं, तर घ्या. "बरं वाटतंय" एवढ्यावर घेऊ नका.

वॉर्म-अप म्हणजे गोलवर शूटिंग

सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांची रांग गोलसमोर, आणि थंड पायांनी पहिलाच फटका वीस मीटरवरून. जांघ तिथंच धरते. फिफाचा ११+ हा वॉर्म-अप फुकट उपलब्ध आहे. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. पळणं, मग ताकद आणि तोल, शेवटी पुन्हा वेगानं पळणं. तो नियमानं करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्यातला गुडघ्यावर बसून, मागून जोडीदारानं घोटे धरल्यावर शरीर हळूहळू पुढं झुकवायचा व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी फार मोलाचा. तालमीत बैठका मारणाऱ्या मुलांची पुढची मांडी दणकट असते, मागची तितकी नसते. म्हणून हा व्यायाम आपल्या मुलांना जास्त लागतो.

पाऊस, चिखल आणि बूट

जुलै-ऑगस्टचा कोल्हापुरातला पाऊस सांगायला नको. तरी दरवर्षी आपण तळं झालेल्या मैदानावर खेळतो, मैदान उखडतं आणि उघडीप झाली की तेच खड्डे घट्ट वाळून घोट्यांच्या मुळावर उठतात. पाणी साचलं असेल त्या दिवशी मैदान सोडा. हॉलमध्ये ताकदीचे व्यायाम घ्या, फळ्यावर कॉर्नरच्या जागा समजावून सांगा. कुठल्याही संघाकडे यासाठी कधी वेळ नसतो; पाऊस तो देतो.

बूट मोठ्या भावाचे, एक नंबर मोठे, आत दोन मोजे, हे सर्रास दिसतं. पाय आत सरकतो, नखं काळी पडतात, वळताना घोटा जातो. बुटाच्या तळाचे धातूचे स्टड (खुंट्या) मऊ चिखलासाठी असतात. कडक मुरमाड जमिनीवर साधे मोल्डेड, म्हणजे तळाबरोबरच घडवलेले स्टडच घ्या. ओले बूट चुलीजवळ ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. नडगी झाकणारे शिनगार्ड सरावालाही हवेत.

कीपरला विसरणं

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली, त्यानंतर चाचणीला येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा स्वतःला फॉरवर्ड म्हणवतो. मग उंच दिसतो त्याला गोलमध्ये उभं केलं जातं आणि दीड तास त्याच्यावर फटके मारले जातात. त्याला पडायला, उंच बॉलवर ओरडून निघायला, पायानं पास द्यायला कुणी शिकवत नाही. रोज वीस मिनिटं त्याच्यासाठी वेगळी काढा, आणि दुसरा कीपर आजच तयार करायला घ्या.

नियमही त्यालाच सर्वांत आधी सांगा. २०२५-२६ पासून कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांहून जास्त धरला, तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतात. गोल किक २०१९ पासून पेनल्टी क्षेत्राच्या आतही आपल्या खेळाडूला देता येते. आपले कितीतरी संघ अजून ती डोळे मिटून लांब मारतात.

खाण्याचं थोडक्यात: रिकाम्या पोटी सराव आणि लगेच झणझणीत मिसळ, हे सामन्याच्या दिवशी तरी नको. सरावाआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर दूध, अंडी, उसळ-भाकरी. सामन्याच्या तीन तास आधी भात किंवा पोळी, तिखट कमी. आणि पात्रतेची कागदपत्रं, गुणपत्रिका, ओळखपत्रं पहिल्याच आठवड्यात गोळा करा. मैदानावर चांगला असलेला मुलगा एका झेरॉक्सपायी बाहेर बसलेला मी पाहिला आहे.

झोनलला दहाच दिवस उरले असतील तर

आता दम वाढणार नाही, फक्त पाय जड होतील. म्हणून फेऱ्या बंद. सराव एक तासाच्या वर नको. पहिले अकरा ठरवा आणि त्यांना एकत्र खेळवा. दोन कॉर्नर, एक फ्री किक, एवढंच घोटून घ्या. बाद पद्धतीत बरोबरी झाली की पेनल्टीवर निकाल लागतो, तेव्हा सराव संपताना दमलेल्या पायांनी प्रत्येकाला एक पेनल्टी मारायला लावा आणि पाच नावं क्रमानं लिहून ठेवा. आदल्या दिवशी चाळीस मिनिटं हलका खेळ, बूट पुसून घरी. सामन्याच्या सकाळी, जर्सी वाटायच्या आधी, वही घेऊन एकेकाला बाजूला बोलवा आणि विचारा, पाय कसे आहेत. जो उत्तर द्यायला अडखळला, त्याच्या जागचा मुलगा वॉर्म-अपला पाठवा.