स्क्रीन फाटते की गेम अडकतो? ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये पीसीवर गेम खेळणाऱ्या पोरांकडून वर्षभर एकच तक्रार ऐकू येते, "गेम लॅग मारतोय." सिडकोतला अकरावीचा मुलगा असो की गंगापूर रोडला राहून घरून काम करणारा इंजिनीअर, तक्रार तीच आणि पुढचा प्रश्नही तोच: "कार्ड बदलावं लागेल का?" बहुतेक वेळा लागत नाही. पण नेमकं काय बिघडलंय हे न बघता पैसे ओतले, तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते. नवं कार्ड येतं आणि झटके तसेच राहतात. घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे असे वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: दुखणं न ओळखता उपाय करणं

मॉनिटर अख्खं चित्र एका क्षणात दाखवत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवत जातो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणाऱ्या, मॉनिटरला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला ६.९. हे काम अर्ध्यावर असताना कार्डाने नवी फ्रेम, म्हणजे गेमचं पुढचं चित्र, पुढे केली, की वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. माउस झपकन बाजूला फिरवला की विजेचा खांब किंवा दाराची चौकट मधूनच मोडल्यासारखी वाटते. हे टिअरिंग. एफपीएस, म्हणजे कार्ड सेकंदाला बनवतं त्या फ्रेम्स, मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा जास्त झाले तरच ते होतं असं अनेकांना वाटतं, पण कमी एफपीएसवरही होतं. कार्ड आणि मॉनिटर यांचा मेळ बसला नाही, एवढंच त्याला पुरतं.

स्टटर वेगळं. तिथे चित्र अखंड असतं, पण फ्रेम्स सारख्या अंतराने येत नाहीत. कोपऱ्यातला आकडा ९० एफपीएस दाखवतो, म्हणजे सरासरी एका फ्रेमला ११ मिलिसेकंद. त्यात मध्येच एखादी फ्रेम ७० मिलिसेकंद घेते. सरासरी फारशी हलत नाही, डोळ्यांना मात्र झटका बसतो. म्हणून नुसता एफपीएसचा आकडा बघून काही कळत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर, कार्डावर नजर ठेवणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यातला फ्रेमटाइमचा ग्राफ चालू करा. रेघ सपाट असेल तर ठीक, मधूनमधून सुळके येत असतील तर स्टटर.

तिसरं दुखणं नेटचं. शत्रू जागच्या जागी उड्या मारतो, तुम्ही पुढे गेलेले असताना मागे खेचले जाता, पण ग्राफ सपाट राहतो. तिथे पीसी उघडून उपयोग नाही. वायफायऐवजी लॅन केबल लावून बघा.

एक साधी परीक्षा आहे. कॅप्चर सॉफ्टवेअरने गेम रेकॉर्ड करा आणि परत बघा. डोळ्यांना फाटलेलं दिसत होतं पण रेकॉर्डिंग स्वच्छ आलं, तर ते टिअरिंग, कारण ते मॉनिटरपाशी घडतं आणि रेकॉर्डिंगमध्ये सहसा पूर्ण फ्रेमच जाते. झटके रेकॉर्डिंगमध्येही दिसले तर स्टटर.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालवणं

हे इतक्या घरांत दिसतं की कुणाकडेही गेलो की मी आधी हेच तपासतो. नवा मॉनिटर लावला की विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच राहतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा. अनेक मॉनिटर पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर देतात, एचडीएमआयवर कमी. आणि केबल कॅबिनेटच्या मागे खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पोर्टमध्येच असायला हवी. वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली असेल, तर चित्र मदरबोर्डाच्या वाटेने जातं आणि कार्डाची बरीच ताकद वाया जाते.

दुसरी तितकीच नेहमीची गोष्ट: मॉनिटरच्या बॉक्सवर फ्रीसिंक लिहिलेलं, पण ते चालूच केलेलं नाही. फ्रीसिंक आणि जी-सिंक यांत मॉनिटर कार्डासाठी थांबतो. फ्रेम तयार झाली की तो चित्र बदलतो, त्यामुळे फाटण्याचा प्रश्नच मिटतो. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा मॉड्यूल लागायचा. जानेवारी २०१९ पासून जीटीएक्स १० सिरीज आणि त्यापुढच्या कार्डांवर साधे फ्रीसिंक मॉनिटरही चालायला लागले. पण त्यासाठी तीन ठिकाणी हात लावावा लागतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ॲडाप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक चालू करायचं, ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू करायचं आणि केबल डिस्प्लेपोर्टची लावायची. एनव्हिडियाचं कार्ड आणि साधा फ्रीसिंक मॉनिटर एचडीएमआयने जोडला, तर कंट्रोल पॅनलमध्ये बहुधा तो पर्याय उगवतच नाही. मग पोरं समजतात की मॉनिटर खराब निघाला.

व्ही-सिंक डोळे झाकून चालू करणं, किंवा डोळे झाकून बंद करणं

व्ही-सिंक कार्डाला सांगतं की मॉनिटरचं चित्र पूर्ण होईपर्यंत नवी फ्रेम देऊ नकोस. टिअरिंग जातं. पण ६० हर्ट्झवर कार्डाला एका फ्रेमला १६.७ ऐवजी १८ मिलिसेकंद लागले, तर ती संधी हुकते आणि पुढची संधी थेट ३३.३ मिलिसेकंदांनी येते. साध्या डबल बफरिंगमध्ये, म्हणजे कार्डाकडे दोनच फ्रेम्सची जागा असते तेव्हा, एफपीएस एकदम ६० वरून ३० वर कोसळतात, परत ६०, परत ३०. म्हणजे टिअरिंग घालवताना स्टटर घरात घेतलं. माउसही जड वाटायला लागतो.

साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर व्ही-सिंक लावा, पण ग्राफिक्स इतकं उतरवा की ६० कधी तुटणार नाहीत. सावल्या आणि रिफ्लेक्शन एक पायरी खाली आणलं तर बऱ्याच गेममध्ये एवढ्यानेच भागतं. गेममध्ये ट्रिपल बफरिंगचा (तीन फ्रेम्सच्या जागेचा) पर्याय असेल तर तो घ्या.

फ्रीसिंक किंवा जी-सिंकवाला मॉनिटर असेल, तर माझ्या मते सगळ्यात स्वच्छ जुळणी अशी: ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू, गेमच्या आत बंद आणि एफपीएसला मॉनिटरच्या थोडी खाली मर्यादा. १४४ हर्ट्झला १३८ ते १४१ च्या दरम्यान. मर्यादा एकाच जागी घाला. गेममध्ये एक, ड्रायव्हरमध्ये दुसरी, रिवाट्यूनरमध्ये तिसरी असं केलं की त्या एकमेकींत अडखळतात आणि झटके येतात.

मॉनिटरची रेंजही, म्हणजे फ्रीसिंक किती हर्ट्झपासून कितीपर्यंत चालतं तेही, बघून ठेवा. ४८ ते १४४ अशी रेंज असेल तर ४८ च्या खाली गेल्यावर मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवून निभावून नेतो. पण स्वस्तातल्या ७५ हर्ट्झच्या मॉनिटरची रेंज अनेकदा ४८ ते ७५ असते. तिथे ही सोय बसत नाही, त्यामुळे एफपीएस ४८ च्या खाली गेले की टिअरिंग परत.

झटका कधी येतो, हे न बघणं

स्टटरची कारणं पन्नास असतील, पण वेळ बघितली की यादी झटकन छोटी होते. गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं झटके आणि मग सगळं सुरळीत? शेडर तयार होत आहेत. पहिला स्फोट, पहिला पाऊस, नवी बंदूक, प्रत्येक नव्या दृश्याला कार्डासाठी छोटे प्रोग्राम त्या-त्या वेळी बनवावे लागतात. डायरेक्टएक्स १२ आणि अनरिअल इंजिनवरच्या कित्येक गेममध्ये हे ठळक जाणवतं. एकदा बनले की ते साठवून ठेवले जातात. म्हणूनच "पीसी क्लीन" करणाऱ्या सॉफ्टवेअरने दर रविवारी शेडर कॅशे उडवणं म्हणजे दर आठवड्याला झटके नव्याने मागून घेणं. ड्रायव्हर अपडेट केल्यावरही कॅशे बहुधा नव्याने बनतो, तेव्हा त्या दिवशीच्या झटक्यांवरून ड्रायव्हरला दोष देऊ नका. सुरुवातीला गेम शेडर कंपाइल करत असेल तर ती पट्टी पूर्ण भरू द्या, मध्येच खेळायला घुसू नका.

उलट, सुरुवातीला मस्त आणि वीस मिनिटांनी झटके? मग उष्णता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो. वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली तर विचारूच नका. गेल्या उन्हाळ्यात सातपूरला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलगा म्हणाला, "काका, संध्याकाळी नीट चालतो, दुपारीच अडकतो. कार्ड गेलं का?" कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खास कप्प्यात बसवलेलं, पुढे दार, मागे फक्त वायरपुरतं भोक. कार्डाचं तापमान ८७ अंश आणि क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, खाली-वर नाचत होता. "आधी हे बाहेर तरी काढ," म्हटलं. कॅबिनेट बाहेर स्टुलावर ठेवलं, बाजूचं झाकण उघडलं, पुढच्या जाळीवरचा धुळीचा जाड थर ब्रशने काढला. तोच गेम, तीच दुपार, तापमान ७४ आणि ग्राफ सपाट. त्याच्या आईने कप्प्याचं दार त्याच दिवशी बिजागरीसकट काढून टाकलं.

धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या हवेने ती सुसाट फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. लॅपटॉप असेल तर गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते.

नव्या भागात शिरताना, गाडी वेगात चालवताना झटका? गेम हार्ड डिस्कवर आहे का बघा. एसएसडीवर हलवला की बराच फरक पडतो. तरीही राहिला तर तो कित्येकदा गेमचाच दोष असतो, पॅच येईपर्यंत थांबणं एवढंच हाती राहतं.

एकच रॅम, किंवा दोन रॅम चुकीच्या खाचेत

सोळा जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन वेगळ्या चॅनलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटांवर, बसल्या तर ५१.२. वेगळं कार्ड नसलेल्या, रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरवर खेळणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून चालतं. चार खाचांच्या बोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या खाचेत लावल्या तर दोन्ही सहसा एकाच चॅनलवर जातात.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायची राहिलीय. पैसे मोजलेत त्या वेगाचे, तर तो घ्या.

चार जीबीच्या कार्डावर अल्ट्रा टेक्श्चर

जीटीएक्स १६५० आपल्याकडे अजून हजारो घरांत आहे आणि ते चार जीबीचं कार्ड आहे. टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-कपडे-जमिनीवरची चित्रं, अल्ट्रावर नेलं की कार्डाची मेमरी भरते, उरलेलं साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून ओढून आणताना झटका बसतो. एफपीएस चांगले दिसतात म्हणून कुणी टेक्श्चरवर संशय घेत नाही. मीडियमवर आणा, गेम पूर्ण बंद करून परत उघडा आणि ग्राफ बघा.

लाइट गेल्यावर बॅटरीवर खेळत राहणं

वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर, पण लॅपटॉपचा चार्जर साध्या बोर्डवर. लाइट गेली की नेट चालू राहतं, त्यामुळे लक्षातच येत नाही की लॅपटॉप बॅटरीवर गेलाय. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही, काही लॅपटॉपवर एफपीएस थेट ३० ला बांधले जातात. चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा आणि तेवढा भार इन्व्हर्टर पेलतो का ते वायरमनला विचारा.

"एफपीएस बूस्ट"च्या फायली

व्हिडिओखालच्या लिंकवरून रजिस्ट्री फाइल (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलणारी फाइल) उतरवून टाकू नका. त्यात कोणी काय घातलंय हे तुम्हाला दिसत नाही आणि मागे फिरायचा रस्ता नसतो. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केल्याने तर मोठे गेम अधूनमधून थेट बंद पडतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच जागेवर तोच प्रवास करून ग्राफ बघा, वहीत लिहा, मग पुढची. ड्रायव्हर खरंच बिघडलाय असं वाटलं तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) जुना काढून नवा टाका. ते काम अर्ध्या तासाचं आहे आणि फुकट आहे.

एवढं सगळं करूनही पैसे खर्चायचेच असतील तर मी दुसरी रॅम आणि एसएसडी आधी घेईन, मग मॉनिटर, कार्ड सगळ्यात शेवटी. एम. जी. रोडला मॉनिटर घ्यायला गेलात तर नुसतं "फ्रीसिंक आहे का" विचारू नका, रेंज कितीपासून कितीपर्यंत आहे ते मॉडेल नंबर टाकून तिथेच मोबाइलवर बघा, आणि बॉक्समध्ये डिस्प्लेपोर्टची केबल आहे ना हे पैसे देण्याआधी उघडून तपासा.