बर्मा आघाडीवरच्या स्पिटफायरचा खरा रंग कसा शोधावा

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. ते म्हटलं की हिरवा-तपकिरी रंग आणि लाल, पांढरी, निळी वर्तुळं डोळ्यांसमोर येतात. बर्मा आघाडीवरच्या विमानाचं मॉडेल तसं रंगवलं तर ते चुकणारच. जपानी विमानांवर लाल सूर्य असे. घाईत आपल्याच माणसांनी आपलं विमान पाडू नये म्हणून तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या राउंडेलमधला, म्हणजे ओळखीच्या गोल खुणेतला, लाल रंग काढून टाकला होता. उरल्या त्या निळ्याच्या दोन छटा, गडद आणि फिकट.

म्हणून आधी एकच विमान निवडा आणि त्याचा महिना ठरवा. रंगाचे नियम सतत बदलत होते. खुद्द ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९४१ मध्ये लढाऊ विमानांच्या पाठीवरचा मातकट तपकिरी जाऊन 'ओशन ग्रे' आला आणि पोटाचा हिरवट 'स्काय' जाऊन 'मीडियम सी ग्रे' आला. बर्मात १९४५ मध्ये पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे दिसू लागले. महिना चुकला की पट्टेही चुकले.

मग त्याच विमानाचा फोटो मिळवा, शक्यतो अनुक्रमांक वाचता येईल असा. तो शेपटीच्या पुढे, धडावर बारीक अक्षरांत असतो. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवण्याची घाई मात्र अजिबात करू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे लाल आणि पिवळा काळपट येतात आणि निळा फिकट होतो. ब्रिटनमधल्या विमानांच्या राउंडेलची पिवळी कड अशा फोटोत जवळजवळ काळी दिसते. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हेच चित्र वेगळं असतं. फिल्म ओळखायला फोटोतच ओळखीचा रंग शोधा: राउंडेलचा निळा कसा उमटलाय ते आधी पाहा, मगच बाकीच्या छटांचा अंदाज बांधा. करडा आणि तपकिरी यांत तर फोटोवरून फरक करणं फार अवघड. तिथे रंग बदलण्याच्या आदेशाची तारीखच कामी येते.

आता विमानाची आवृत्ती. मार्क ५ आणि मार्क ८ या स्पिटफायरच्या दोन आवृत्त्या ओळखायला विमानाचं पोट बघा. मार्क ५ च्या उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली छोटा ऑइल कूलर असतो. मार्क ८ ला दोन्हीकडे सारखेच मोठे खोके. मार्क ८ चं मागचं चाक आत ओढलं जातं, पंखा चार पात्यांचा असतो. उष्ण प्रदेशातल्या मार्क ५ च्या नाकाखाली धुळीच्या फिल्टरचा मोठा फुगवटा असायचा, तो लांबूनही दिसतो. सुरुवातीच्या मार्क ८ च्या पंखांची टोकं लांब, निमुळती होती, नंतर ती नेहमीसारखी झाली. फोटोत हे दिसत असेल तर कुठल्याही रेखाचित्रापेक्षा त्यावरच विश्वास ठेवा.

फोटो आणि कागद जुळवायला लंडनमधल्या क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार उपयोगी पडतं. तिथल्या 'एअर २७' मालिकेत स्क्वॉड्रनच्या रोजनिशा आहेत: कोण, कोणत्या विमानातून, कधी उडालं. विमान कोणत्या तुकडीकडून कुठे गेलं हे त्याच्या फॉर्म ७८ या कार्डावर सापडतं.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर आणि त्याच काळातलं हरिकेन हे लढाऊ विमान, दोन्ही आहेत. आकार, जोड, रिव्हेट यांसाठी जरूर जा. रंगासाठी नको: संग्रहालयातली विमानं बहुधा नंतर पुन्हा रंगवलेली असतात.